कौसाआत्याचा हिवाळा

कौसाआत्यानं मला "बरा हाईस का?" असं कधीच विचारलं नाही. ती विचारायची, "आज बाहीर कवा आलास?"

मी खरं तेच सांगायचो. खोटं तिला माझ्या डोळ्यांवरून कळायचं. नऊ म्हटलं की नाक मुरडायची, आठ म्हटलं की नुसतं "हं". ज्या दिवशी पहिल्यांदा साडेसात म्हणालो, त्या दिवशी तिनं पदराची गाठ सोडून गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला आणि वर म्हणाली, "फुगू नको. कोंबड्या साडेपाचलाच उटत्यात."

मी भंडारा जिल्ह्यातला, धानाच्या मुलखातला माणूस. नववीत शाळा सुटली, म्हणजे मीच सोडली. तेव्हापासून एजन्सीचा गार्ड. चार वर्षांपूर्वी मला अंबाजोगाईच्या अलीकडच्या डोंगरपठारावर पवनचक्क्यांच्या राखणीला टाकलं. चौदा पंखे, एक पत्र्याची केबिन, आणि दिवसाची ड्युटी माझी. दिवस मावळताना रात्रपाळीचा माणूस यायचा, मग मी खालच्या वस्तीवरच्या खोलीत उतरायचो. नाहीतर केबिनीतच पडून राहायचो.

मला हिवाळा सोसत नाही. थंडीचं काही नाही, थंडी आमच्याकडंही मजबूत असते. पण दिवाळी सरून दिवस आखूड झाला की माझ्या आत काहीतरी खाली खाली बसत जातं. आधी भूक जाते, मग बोलणं जातं. मग सकाळी पांघरुणातून पाय बाहेर काढणं म्हणजे ओलं पोतं उचलण्यासारखं होतं. पुण्याच्या गोदामातून मी असाच ऐन पौषात पळून गावी आलो होतो. पुढच्या वर्षी नाशिकच्या साइटवरून. तिसऱ्यांदा पाठवताना सुपरवायझर साहेब म्हणाले होते, "आता पळालास तर कुठलीच एजन्सी तुला दारात उभं करणार नाही." बायको एवढंच म्हणाली, "यंदा होळीपर्यंत टिका. मंग पुढचं पाहू." मुलगी चौथीत होती.

होळीपर्यंत टिकायचं, एवढंच माझं काम. आणि मार्गशीर्ष लागला तेव्हाच मला कळून चुकलं होतं की ते माझ्याच्यानं होणार नाही.

अशात एका सकाळी पत्र्यावर काठी वाजली. धडाधडा. मला वाटलं साहेब तपासणीला आले. घाईघाईनं टोपी घालून दार उघडलं, तर समोर एक म्हातारी. नऊवारीवर नातवाचा शाळेचा तांबडा स्वेटर, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला, पायात पुरुषी प्लास्टिकचे बूट.

"आत काय करायलास?"

"ड्युटी आहे."

"दार लावून? पंखा आत ठिवलाय व्हय?"

तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं, बाजारात जनावर पाहतात तसं.

"बाहीर ये. ऊन वाया चाललंय. अन् तोंड नगं करू उन्हाकडं, पाठ कर. पाठीतून शिरतं ते."

मी का ऐकलं, माहीत नाही. नाही म्हणायचं तर बोलावं लागलं असतं, बहुतेक म्हणून. ती माझ्याशेजारी दगडावर बसली आणि तासभर एक शब्द बोलली नाही. मग तिची मेंढरं सोडायची वेळ झाली आणि ती उठून गेली.

ती कौसाआत्या; सगळी वस्ती तिला आत्याच म्हणायची. तिच्या त्या मेंढरांबद्दल सांगायला हवं. तिचे दोन्ही लेक दिवाळीनंतर मोठा कळप घेऊन उमापूरच्या बाजूला, गोदाकाठच्या हिरव्या रानात उतरायचे. ते उन्हाळ्याच्या तोंडाला परत. ज्यांना तेवढी चाल झेपायची नाही ती मेंढरं आत्याकडं राहायची. लंगडी, म्हातारी, नुकती व्यालेली, अशी तीसेक, आणि पुढं चालायला दोन शेळ्या. मेंढरू गारठलं की एकमेकाला चिकटून उभं राहतं, हलत नाही. शेळी निघाली की मग तिच्यामागं निघतं. वस्तीवरही तसंच झालेलं असायचं. हातीपायी धड माणसं ऊसतोडीला गेलेली, मागं म्हातारे आणि आजारी. दव उडाल्याशिवाय मेंढरं सोडायची नाहीत, ओलं गवत त्यांना बाधतं. म्हणून सात ते नऊ आत्याला रिकामे असायचे, आणि तेवढ्या वेळात ती वस्तीवरची दारं वाजवत फिरायची. अंबादासकाका म्हणून एक दम्याचे म्हातारे होते. ते तिची चाहूल लागताच आतूनच ओरडायचे, "आलो, आलो, दार नको मोडू!"

"मन म्हंजी मेंढरू हाय," ती म्हणायची. "त्याला इचारत बसलं तर ते न्हाईच म्हणतंय. हाकायचं."

तिनं मला दोन कामं लावून दिली. एक, तिची एक आंधळी मेंढी सकाळी माझ्या केबिनीपाशी सोडायची आणि मी तिला ऊन सरकेल तसं सरकवायचं. दुसरं काम अवघड. रोज तिला एक नवी गोष्ट सांगायची, स्वतः पाहिलेली. "कालचं सांगशील तर चालायचं न्हाई." पहिल्या दिवशी मी सांगितलं, सात नंबरच्या पंख्यावर ससाणा बसतो. दुसऱ्या दिवशी, हरभऱ्याला फूल आलं. मग कापसाच्या गाडीमागं धावणारं कुत्रं, मग केबिनीच्या सावलीत दव किती वेळ टिकतं ते. तिला सगळं चालायचं. ऐकताना ती डोळे बारीक करायची आणि शेवटी म्हणायची, "बरं हाय. उद्या?"

तो "उद्या?" मला रात्रभर पुरायचा. चांगल्या अर्थानंही आणि वाईटही.

तिसऱ्या आठवड्यात माझ्याकडच्या गोष्टी संपल्या. मी बाहेर बसायचो, पण दिसायचं काहीच नाही. डोळ्यांसमोर सगळं असून काहीच मनात उतरत नव्हतं. त्या सकाळी मेंढरं घेऊन जाता जाता तिनं विचारलं, "आज काय बगितलंस?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "लांडगा."

एवढी चूक धानाच्या मुलखातला माणूसच करू जाणे. आमच्याकडं लांडगा म्हणजे शाळेच्या पुस्तकातली गोष्ट. आत्याचा चेहरा मात्र एका क्षणात वाळला. ती ओरडली नाही. दोन बोटं तोंडात घालून तिनं अशी शीळ घातली की मेंढरं धावत एका ठिकाणी गोळा झाली. पंधरा मिनिटांत आजूबाजूच्या रानांतून माणसं काठ्या, कुऱ्हाडी घेऊन आली. कापूस वेचणाऱ्या बायका कमरेचे कापसाचे ओटे सोडून आल्या. अंबादासकाका दम लागलेला असताना काठी टेकत आले.

"कुटं बगितलास?"

"तिकडं."

"तिकडं कुटं बे? नीट दाव!"

मी हात करायचो तिकडं सगळे धावायचे. दुपार कलेपर्यंत ओढ्याचा काठ, बाभळी, बांध, सगळं धुंडाळून झालं. मला खरं सांगायचं होतं, पण हात आपोआप पुढच्या बाभळीकडं जायचा. शेवटी मी दाखवलेल्या जागेवर आत्या उकिडवी बसली. माती पाहिली. मग मान वर करून मला पाहिलं. तिला कळलं. तिला कळलं हे मलाही कळलं.

"गेला आसंल खाली," ती लोकांना म्हणाली. "जावा तुमी कामाला."

सगळे गेल्यावर ती जवळ आली. "कायबी खोटं बोल, भंडाऱ्या. बायकूशी बोल, साहेबाशी बोल. मेंढरापाशी लांडग्याचं नाव खोटं घ्यायचं न्हाई. त्या अंबादासला आज काय झालं असतं म्हंजी?"

दुसऱ्या दिवशी पत्र्यावर काठी वाजली, मी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ती बाहेर बसून आंधळ्या मेंढीला मोठमोठ्यानं सांगत होती, "ह्ये बग आंधळे, तुला दिसंना तरी तू बाहीर हाईस. अन् आत एक डोळेवाला बसलाय." मला हसू यायला हवं होतं. मी पांघरूण कानावर ओढलं. माझ्यामुळं एक म्हातारा माणूस दम लागून मेला असता, हे एकच डोक्यात फिरत होतं. त्यावरून पुढं पुढं जात मन फार वाईट ठिकाणी पोचलं होतं. ते इथं लिहीत नाही.

मी बॅग भरली. निघायला दिवसही हुशारीनं निवडला, असं मला वाटत होतं. रात्रपाळीवाला म्हणाला होता, परवा येळवस, वस्ती ओस पडणार, चिटपाखरू नसणार. येळवस म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. म्हटलं, कुणी पाहायच्या आत फाट्यावर जाऊ, बाराची गाडी धरू. ड्युटी उघडी टाकून चाललो होतो. घरी जाईन की नाही तेही नक्की नव्हतं. तिकीट काढायची वेळ आली की ठरवू, असं म्हणत होतो.

वस्ती खरंच ओस होती. पण वस्ती कुठं गेली होती, ते मी कुणाला विचारलंच नव्हतं. ती रानात होती. त्या दिवशी झाडून सगळे शेतात जातात, कडब्याची खोप घालतात, आत पाच दगडांना चुना लावून पांडव मांडतात, पूजा करतात आणि तिथंच जेवतात. आणि वाटेनं जाणाऱ्याला उपाशी जाऊ देत नाहीत. फाट्यापर्यंतच्या वाटेवर दोन्ही अंगांना शेतंच शेतं.

"ओ गार्डसाहेब! कुटं निगालाव? या, या!"

"मी जेवून आलो ना."

"येळवशीला जेवून आलो म्हंत्यात व्हय बे? ए, धर रं त्याला!"

दोघांनी हाताला धरून नेलं. खांद्यावरची बॅग एकानं उतरवून बाभळीला टांगली. पानावर भज्जी पडली, ती आपल्या तळलेल्या भज्यांसारखी नसते, साऱ्या शेंगाभाज्या बेसनात शिजवलेली असते. बाजरीचे उंडे, गव्हाची खीर, आणि गडूभर आंबट गार आंबील. दोन घास खाल्ले, बॅग काढली, पळालो. शंभर पावलांवर दुसरी खोप. तिथं म्हातारी आडवीच आली. तिसऱ्या खोपीत कुणीतरी विचारलं, "वाटंत लांडगा न्हाई ना भेटला?" सगळी खोप हसली. मी मान खाली घातली, तर विचारणाऱ्यानंच माझ्या पानावर आणखी एक उंडा ठेवला. "खा गड्या. आमची बी रग जिरली त्या दिवशी, लई दिसांनी पळालो." चौथ्या खोपीत खीर खात असताना फाट्यावरून गाडीचा हॉर्न आला, आणि मग गाडी निघाल्याचा आवाज. माझा हात पानातच थांबला.

फाट्याच्या अगदी कडेच्या शेतात, खोपीच्या तोंडाशी कौसाआत्या बसली होती. तिला स्वतःचं रान नव्हतं, ती दरवर्षी कुणाच्या तरी खोपीत असायची. तिनं बॅगेकडं पाहिलं, मग माझ्याकडं.

"किती खोपी झाल्या?"

"चार."

"गाडी?"

"गेली."

"जाऊ दी. बस." तिनं पान मांडलं. बाकीच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली, "पळायला आजचा दीस निवडलास? आज चोर बी जेवल्याबिगर सुटत न्हाई."

मी घास उचलला, पण तो वर येईना. ती पाहत होती. पाठीवर हात ठेवला नाही, समजूत काढली नाही.

"उद्याच्या गाडीनं जाऊ," ती म्हणाली. "दोगं."

"कुठं?"

"अंबाजोगाईला. मोठ्या दवाखान्यात मनाचे डॉक्टर असत्यात."

"मी येडा नाही ना, आत्या."

"येडा असतास तर पयल्याच खोपीत पोटभर जेवला असतास. चार ठिकाणी न्हाई-न्हाई म्हनत आलास, म्हंजी बुद्धी शाबूत हाय. पर एकलं ऱ्हायचं न्हाई आता. आज अंबादासच्या वसरीत झोप. त्याला बी सोबत."

रात्रपाळीवाल्याला तिनंच फोन करायला लावला. त्यानं दोन दिवस माझी ड्युटी सांभाळली. साहेबांना कधी कळलं नाही.

दवाखान्यात रांग मोठी होती. तिथं बाकावर बसल्या बसल्या, समोरच्या भिंतीकडं बघत, आत्या बोलू लागली. तिचा मालक असाच हिवाळ्यात गप्प व्हायचा. तीन-चार वर्षं. तिनं त्याला देवऋष्याकडं नेलं, गंडे बांधले, कोंबडी उतरवून टाकली. एका पौषात तो चार दिवस अंथरुणातून उठला नाही. "पाचव्या दिशी माझा धीर संपला. मी त्याला लई बोलले. काठी हातात दिली अन् म्हणले, जा, मेंढरं घिऊन जा. गेला बिचारा. सांजच्याला मेंढरं आली. शेळ्या म्होरं चालत आल्या, समदी मेंढरं मोजून आली. त्यो न्हाई आला."

भिंतीकडची नजर न हलवता तीच म्हणाली, "मावळतीच्या अंगाला जुनी दगडखाण हाय. तितं घावला. पाणी व्हतं."

मग आमचा नंबर आला.

डॉक्टर मुलगीच होती, माझ्या धाकट्या बहिणीएवढी. तिनं सगळं शांतपणे ऐकलं. जिवाचं बरंवाईट करायचा विचार येतो का, हेही सरळ विचारलं. आजवर मला ते कुणी विचारलं नव्हतं. मी हो म्हणालो. तिनं तोंड वाकडं केलं नाही, लिहून घेतलं. म्हणाली, काही लोकांना हिवाळ्यात असं होतं, हा आजार आहे, आळस नाही, आणि याला औषध आहे. सकाळी उजेडात बसायचं, रोज चालायचं, माणसांत राहायचं, गोळ्या मनानं बंद करायच्या नाहीत, दोन आठवड्यांनी दाखवायचं.

"मी काय येगळं सांगतेय ह्याला?" आत्या मधेच म्हणाली. मग जरा थांबून, "पर गोळ्या न्हवत्या माझ्याकडं."

पुढचं लगेच सोपं झालं असं नाही. गोळ्यांनी आधी नुसती झोप यायची. पौष पुरा महिनाभर माझ्या छातीवर बसून होता. पण पत्र्यावर काठी वाजत राहिली, दर दोन आठवड्यांनी आत्या स्वेटरखाली स्वच्छ पातळ नेसून माझ्याबरोबर गाडीत बसत राहिली, आणि माघात एकदा मला आपणहून भूक लागली. भाकरीची. मी आत्याला त्या दिवसाची नवी गोष्ट म्हणून तेच सांगितलं. होळीला मी ड्युटीवर होतो. बायकोला फोन लावला तर म्हणाली, "रंग लावून घ्या कोणाकडून तरी."

त्यानंतर आणखी दोन हिवाळे मी त्या पठारावर काढले. गोळ्यांसकट, आत्यासकट. मग बदलीचा कागद आला. आता मी ज्या साइटवर आहे ती गुजरातच्या हद्दीला लागून आहे, घर आणखी लांब पडलं. इथंही सकाळी पाठ उन्हाकडं करून बसतो. लोक हसतात.

निघायच्या दिवशी सकाळी आत्या मेंढरं घेऊन आली आणि म्हणाली, "चल." ती मावळतीच्या उताराला वळली. तीन वर्षांत तिला मी त्या बाजूला मेंढरं नेताना पाहिलं नव्हतं. खाणीच्या काठावर जाऊन ती उभी राहिली. खाली हिरवं, हलत नसलेलं पाणी होतं.

"तुला एक इचारू? खरं सांगशील?"

"विचारा."

"तू पळून चाललतास तवा. घरची याद येत व्हती का?"

"नाही."

"पोरीची?"

खोटं बोलणं सोपं होतं. "पोरगी आहे हे ठाऊक होतं, आत्या. पण दूरच्या कोणत्या गावात पाऊस पडून राहिला हे ठाऊक असते ना, तसं."

"अन् राग? कुणाचा राग व्हता का? माझा? बायकूचा?"

"राग यायलाही अंगात काही लागते. तेवढंही नव्हतं."

ती पाण्याकडं पाहत राहिली. "मी त्याला आळशी म्हणले व्हते. बायकूच्या जिवावर बसून खातूस म्हणले. लोकांसमोर."

"तुमी मलाही रोज बोलत होत्या."

"तुझं येगळं."

"मी तुमच्या बोलण्यापायी निघालो नव्हतो. एवढं मला ठाऊक आहे. त्यांचं मला सांगता येणार नाही, पण..."

"पर काय?"

"रुसून गेले नसतील. रुसायला समोरचं माणूस दिसावं लागते."

तिनं टॉवेलाचं टोक ओढून नाक पुसलं. मग म्हणाली, "तीस वरसं झाली. कुणाला इचारावं, कळंना. ज्याला ठावं असतंय त्यो ऱ्हात न्हाई." आणि मेंढरांकडं बघून जीभ टाळूला लावून तिनं टक् टक् केलं. शेळ्या उतारावर निघाल्या, मेंढरं त्यांच्यामागं. तिथलं वाळलेलं गवत गुडघ्याएवढं माजलं होतं. सगळ्यांनी माना खाली घातल्या.

खालून जीपचा हॉर्न आला. मी तिच्या पाया पडलो. ती म्हणाली, "गोळ्या घेतल्यास का बॅगंत?" मी हो म्हणालो आणि उतरू लागलो.

रस्त्याच्या वळणावरून पुन्हा वर पाहिलं तर ती अजून खाणीच्या अगदी काठावर उभी होती, पाण्याकडं तोंड करून, एकटी. मी ड्रायव्हरला म्हणालो, थांबा. तो म्हणाला, उशीर होतोय. मी तरी खाली उतरलो आणि रस्त्यातच उभा राहिलो. किती वेळ गेला, सांगता येत नाही. तेवढ्यात तिनं मान वळवली. मी का थांबलोय ते तिला तिथून कळलं असावं. तिनं काठ सोडला, दहा-बारा पावलं मागं आली, मेंढरांच्या मधोमध खाली बसली, आणि मगच काठी वर करून मला निघायची खूण केली.